लीलामावशी दर अर्ध्या तासाला उठायच्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले मालक सीतारामशेठ; वडगावहून खास वेळ काढून आलेल्या फिजिओथेरपिस्ट सारिका मॅडम; आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती लीलामावशी; आणि आपल्या चिक्की कारखान्यातल्या माझ्या तमाम भगिनींनो आणि बंधूंनो,

मला दोनच मिनिटं दिलीत. तेच बरं, कारण एका जागी उभं राहणं मला जमत नाही. नऊ वर्षं सुपरवायझर म्हणून या हॉलमध्ये येरझाऱ्याच घातल्यात. आत्ता मावशी बघतायत म्हणून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे. किती वेळ टिकेल, सांगता येत नाही. सकाळपासून जिवाला चैन नाही, त्याचं कारण वेगळंच आहे.

मावशींनी सव्वीस वर्षं मांडी घालून गरम चिक्की लाटली. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, तेव्हा बसायचं कसं, उठायचं कसं, हे त्या सारिका मॅडमकडे शिकून आल्या. मग दर अर्ध्या तासाला उठायच्या, खांदे सैल सोडायच्या, दोन फेऱ्या मारून परत बसायच्या. बघता बघता सगळ्याच बायका उठायला लागल्या. ऐन पावसाळी सीझन, पर्यटकांची झुंबड, चिक्कीसाठी दुकानांचे फोनवर फोन, आणि हॉलमध्ये बायका उभ्या! माझं डोकं फिरलं. "मावशी, ही काय शाळेतली कवायत आहे?" म्हणालो. त्या म्हणाल्या, "अतुलभाऊ, कंबार गेली तर हात काय कामाचं? आन् तुमचं खांदं बगा, कानाला लागल्यात."

सगळ्यांसमोर बोलल्या, ते मला झोंबलं. त्याच दिवशी मी शेठना लिहून दिलं, 'लीलाबाईंना कामावरून कमी करा.' होय मावशी, मीच. शेठनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.

चारच दिवसांत, रागाच्या भरात तीस किलोची गुळाची ढेप मी कमरेतून वाकून हिसक्यानं उचलली आणि तिथंच आडवा झालो. मळवलीला घरी पडून होतो, कूस बदलता येईना. तिसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर दारात कोण, तर मावशी. "आदी कुशीवर वळा. आता पाय खाली सोडा, हातानं रेटा. घाई कुटं हाय?" सहा दिवस रोज आल्या. रोज वाटायचं, आज सांगावं. जीभ रेटली नाही.

आता हॉलमध्ये सगळेच ठरल्या वेळी उठतात. माल तेवढाच निघतो आणि कमरेपायी होणाऱ्या रजा कमी झाल्यात. शेठ, मॅडम, तुमचे मनापासून आभार.

मावशी, मान खाली घालू नका. ती सरळ ठेवायला तुम्हीच शिकवलंत.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या, असं शेवटी सगळेच म्हणतात. सभेला मीही तेच म्हणतो. मावशी, तुमच्याकडे मात्र त्या कागदाची माफी मागतो. उद्या तुम्ही हॉलमध्ये नसाल, म्हणून आजच. आता पाया पडायला येतो, गुडघ्यातून वाकतो. वाकताना चुकलो, तर नेहमीसारखं सगळ्यांदेखत सांगा.