गोविंदाने ठाणं दाखवलं

आपल्याच गावात पुस्तकात बघून फिरणारा शहाणा तुम्ही पाहिलाय का? माझा पुतण्या गोविंदा तसला. चार बुकं शिकला, मुंबईत कारकून झाला. त्याच्या लग्नाचं बोलायला मुलीचा बाप उरणहून आला, तर ह्याने त्याला ठाणं दाखवायला काढलं. घरातला वडीलधारा म्हणून मलाही सोबत घेतलं आणि बजावलं, "काका, सोयरीक मोडायची नसेल तर तोंड उघडू नका."

मासुंदा तळ्यावर त्याने पुस्तक उघडलं. "हे पुरातन तळं." ज्या तळ्यात मी जन्मभर म्हशी धुतल्या, त्याची माहिती मी मान हलवत ऐकली. पुढे किल्ला आला. "हा फिरंग्यांनी बांधायला घेतला," गोविंदा वाचू लागला.

"आता आत काय आहे?" पाहुण्याने विचारलं.

"तुरुंग. पण आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध?"

तेवढ्यात दरवाज्यावरचा शिपाई मला बघून ओरडला, "काय म्हातारबा, परत आलात?"

गोविंदाचं तोंड पांढरंफटक पडलं. पाहुणा माझ्याकडे वळला. मग मीही तोंड उघडलं. "तीन महिने होतो आत. खाडीकाठचं मूठभर मीठ खरवडलं, तर ते सरकारचं निघालं."

"जेवण कसं असतं हो आत?"

"अळणी."

पाहुणा पोट धरून हसला. "माझा भाऊही सुटून आल्यावर हेच सांगत होता!" सोयरीक तिथेच, तुरुंगाच्या दरवाज्यात ठरली.

गोविंदा अजून लोकांना सांगतो, पुस्तक होतं म्हणून लग्न जमलं.