तीन दिवस उशिरा दिलेल्या तक्रारीबाबत

पुरवणी जबाब. नाव व पत्ता पहिल्या जबाबात आहे तोच. वय ४३ वर्षे, व्यवसाय भाषांतर (यंत्रांसोबत येणारी फ्रेंच माहितीपुस्तकं), अविवाहित. राहणार थोरल्या बहिणीच्याच इमारतीत, तिच्या वर दोन मजले सोडून, एकटी. घरात मला छोटी म्हणतात.

तपास अधिकाऱ्यांनी बोलावल्यावरून आज दुपारी सव्वातीन वाजता मी पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझी बहीण (यापुढे ताई) घरी शिवणकाम करते. तिचे पती (यापुढे भावोजी) सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहेत. वाचनालयाच्या तळघरातल्या सभागृहात ते चित्रपट मंडळ चालवतात. यंदा दर शनिवारी चार वाजता एका फ्रेंच दिग्दर्शकाचे नऊ चित्रपट दाखवायचं ठरलं होतं. सगळे गुन्ह्याचे, काळोखे. त्यांच्या सबटायटलचं मराठी मी करत होते.

हा दिग्दर्शक खून दाखवत नाही. खून झाल्यावर घरातली माणसं काय करतात ते दाखवतो. कोणी भांडी घासतं, कोणी पत्र टाकून येतं, कोणी दुकानात उभं राहून लिंबं निवडतं. साहेबांनी विचारलं, याचा इथे काय संबंध? संबंध असा की दोन महिने रोज साडेसहा ते साडेआठ मी हेच बघत होते.

काम ताईच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं. मी ओळ वाचायची, भावोजींनी ती छोटी करायची. एकदा ते म्हणाले, "मेहुणीबाई, तुमचा खुनी इतकं गोड मराठी बोलतो, याला शिक्षा व्हावी असं कुणाला वाटेल?" आम्ही खूप हसलो. ताई शेजारच्या खोलीत मशीनवर असायची. आम्ही हसलो की मशीन थांबायचं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पहिल्या जबाबात मी ते सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ताई मला जिन्यात भेटली. हातात पिशवी होती. "कुठे निघालीस?" विचारलं तर म्हणाली, "दोरे आणायला." त्या संध्याकाळी माझं दुसरं काम होतं, मी खाली गेले नाही. त्यानंतर घरात ती मला दिसली नाही.

बुधवारी साडेसहाला मी खाली गेले तेव्हा ताई नव्हती. मशीनवर कुणाचा तरी कोट अर्धा उसवलेला होता आणि तिचा चष्मा त्यावरच. भावोजी बुटांना पॉलिश करत होते. एरवी त्यांचे बूट ताईच पुसते. मी विचारलं, "ताई कुठाय?" ते म्हणाले, "मावशीकडे गेलीय. चार दिवसांनी येईल. जास्त विचारू नकोस, छोटी." बूट आधीच चकचकीत होते, तरी ते घासतच राहिले. त्या दिवशी मी काम केलं नाही. सात वाजता वर येऊन मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "अगं, ती गेल्या वर्षापासून इकडे फिरकलेली नाही. का गं, काय झालं?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला.

पहिल्या जबाबात मी म्हटलं होतं की संशय आल्यावर मला भीती वाटली, म्हणून तीन दिवस तक्रार दिली नाही. ते खरं नाही. घडलं ते असं.

गुरुवारी साडेसहाला मी नेहमीसारखी खाली गेले. केस धुतले होते. हे कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. शिवणाच्या खोलीत जमिनीवर नवीन लिनोलियम टाकलेलं दिसलं, कडेचा गोंद ओला होता. मी म्हटलं, "छान दिसतंय." ते म्हणाले, "बरेच दिवस मनात होतं." त्यांनी दोघांसाठी अंडी उकडली. मीठ ताई कुठे ठेवते ते त्यांना सापडेना, मी काढून दिलं. त्या खोलीच्या जमिनीखाली काय असेल असं मला वाटत होतं, ते मी लिहून द्यायला तयार आहे. तरीही मी जेवले. पोटभर जेवले.

शुक्रवारी मशीनचा आवाज नसल्यामुळे काम भराभर झालं. ताईचा चष्मा मी उचलून खणात ठेवला. शनिवारी चारच्या खेळाला भावोजी चित्रपटाआधी बोलायला उभे राहिले आणि मधेच थांबले. लोकांना वाटलं, विसरले. मी पहिल्या रांगेतून पुढचं वाक्य हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बोलणं पुरं केलं. तीन दिवसांत ते माझ्याशी आपणहून जेमतेम दहा वेळा बोलले असतील. त्यांचं हे कमी बोलणं मी वेगळ्या अर्थाने घेतलं.

रविवारी सकाळी सव्वानऊला भावोजी वर आले. माझा शब्दकोश आणि कागद घेऊन दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "उरलेल्या चित्रपटांचं मी दुसऱ्या कोणालातरी सांगतो. तू आता संध्याकाळी खाली येत जाऊ नकोस."

"लोक काही बोलले का?"

"लोकांचं नाही गं. मलाच ते बरोबर वाटत नाही. मला आधीच कळायला हवं होतं."

"म्हणजे मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस," ते म्हणाले आणि जिना उतरले.

मी कप विसळला, कपडे बदलले आणि अकरा चाळीसला या ठाण्यात येऊन त्यांनी बायकोचा खून केल्याची तक्रार दिली.

पुढचं कागदोपत्री आहे. लिनोलियम उचकटलं, खालची फरशी फोडली, वाचनालयाचं तळघर तपासलं. काही मिळालं नाही. भावोजींना दोन दिवस इथे बसवून ठेवलं. ती आपण होऊन गेली, कुठे ते ठाऊक नाही, एवढंच ते सांगत राहिले. का गेली, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. चित्रपट मंडळाने त्यांना पदावरून काढलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाराला ताई स्वतः ठाण्यात आली. मावशीने सगळीकडे फोन करून तिला शोधलं होतं. ती एका महिला वसतिगृहात खोली घेऊन राहत होती. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्हाला दिसत नाही पण मला दिसतंय. ती माझी बहीण आहे, तिला तोंडावर बोलणं मला जमणार नाही. मीच जाते. आणि छोटीला यातलं अवाक्षर कळता कामा नये."

भावोजी बाकावर बसले होते. म्हणाले, "मला खरंच दिसलं नव्हतं. तू परत येशील तेव्हा खोली नीट असावी, म्हणून जमीन करून घेतली." ते माझ्याकडे बघत नव्हते.

ताई माझ्यासमोर आली. "ह्यांनी मला मारलं, असं तुला खरंच वाटलं?"

मी हो म्हटलं.

"आणि तीन दिवस त्यांच्यासमोर बसून जेवलीस?"

ती दोघं रिक्षाने गेली. माझा फोन ती घेत नाही. मी इमारत सोडते आहे, नवीन पत्ता कळवीन.

आज साहेबांनी तोच प्रश्न विचारला: खून झाला असं वाटत होतं, तर तीन दिवस गप्प का राहिलात? दबाव होता का? धमकी होती का? नव्हती. भावोजींच्या वागण्यात कधीच काही गैर नव्हतं, तेव्हाही नाही, आधीही नाही. मी गप्प राहिले कारण मला वाटलं, त्यांनी ते माझ्यासाठी केलं.

वरील मजकूर महिला हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "माझ्यासाठी" या शब्दावर त्या थांबल्या आणि तो खोडायचा का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या, असं मी सांगितलं. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही केली आहे.