रुमालाखाली

नगरला हाताच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. शेजारी घोडेगावच्या बाजारातले म्हशींचे दोन म्हातारे व्यापारी होते, छगनराव आणि हैदरभाई. छगनराव नुकतेच तपासून बाहेर आले होते.

"काय म्हनले डॉक्टर?"

"अंगठ्याच्या बुडाचं मांस वाळलंय, हैदरभाई. तेच अंगठ्याला करंगळीकडं वळवतं म्हनं. मनगटात शीर दबलीय, ऑपरेशन करा म्हनले."

"मला ठावं हुतं."

"तुमाला कसं?"

"इतकी वर्सं रुमालाखाली तुमचा हात धरून भाव ठरवतोय. अंगठ्याखालची गादी पार बसलीय. दिवाळीपासनं तुमचा अंगठा बोटावर नीट टेकत न्हाई."

"मग बोलला का न्हाईत?"

"रुमालाखालचं कुनी बाहेर बोलतं व्हय?"

"ऑपरेशन केलं तर हात बांधून ठेवत्याल. मग काय चारचौघांत वरडून भाव सांगू?"

"डावा द्यायचा."

"सौद्याला डावा? कोन धरंल?"

"आना हिकडं."

हैदरभाईंनी छगनरावांचा डावा हात धरला आणि खांद्यावरचा रुमाल वर टाकला.

"हं, सांगा भाव."

रुमाल जरासा हलला.

"आलं ध्यानात. करून घ्या ऑपरेशन."