अर्ध्या क्षणाचा उशीर

(लुईझियानातल्या एका छोट्या कॉलेजातली, अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे धुवायची खोली. ऑक्टोबरातला मंगळवार, दुपार. मिस ओडेसा इथे एकतीस वर्षं आहेत. डॉयल प्रुइट एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजा-कॉलेजांतून खेळाडू पारखत हिंडतो.)

डॉयल : मंद आहे म्हणालो. वाईट आहे असं कुठे म्हणालो?

ओडेसा : एकच झालं ते. तुझ्या वहीत 'मंद' पडलं की एप्रिलात मोठे संघ पोरं निवडतात तेव्हा त्याचं नाव कोण घेणार? तू आणलेला तो वड्यांचा डबा ठेव बाजूला. आधी सांग, डेमंड गिलरी मंद कधीपासून झाला?

डॉयल : तीन सामन्यांचं चित्रण पाहिलंय, मिस ओडेसा. एकेक डाव चार-चार वेळा. सेंटर वाकतो, पायांतून चेंडू मागे देतो. चेंडू हलला की ओळीतल्या पाचही जणांनी एकदम समोरच्यावर जायचं. चौघं जातात. तुमचा डेमंड अर्धा क्षण मागे.

ओडेसा : मग समोरचा त्याला ओलांडून जातो?

डॉयल : नाही. अडवतो तो. हात लांब आहेत, पायांत जोर आहे. उशिरा निघून अडवतो. पण हे इथे चालतं. वर, व्यावसायिक संघांत, समोर उभा राहणारा गडी वेगळा असतो. तिथे अर्ध्या क्षणात चेंडू फेकणारा पोरगा आडवा झालेला असतो.

ओडेसा : मला नको शिकवू. तू या धंद्यात नव्हतास तेव्हापासून मी या लोकांच्या चड्ड्या धुतेय.

डॉयल : म्हणून तर आधी इथे येतो. कोच सगळ्यांनाच सोनं म्हणतो.

ओडेसा : मग विचार की.

डॉयल : घामाचे कपडे टोपलीत टाकतो का?

ओडेसा : उलटे असतील तर सुलटे करून टाकतो. आणि दुसऱ्यांचे खाली पडलेले असले तर तेही. पुढे?

डॉयल : तुमच्याशी कसं बोलतो?

ओडेसा : जेवलात का, म्हणून विचारतो. अख्ख्या संघात तो एकटा. पुढे?

डॉयल : पुढे काही नाही. चांगला मुलगा आहे. मला चांगल्या मुलाबद्दल शंका नव्हतीच.

ओडेसा : तुझं तोंड का पडलंय पण? वही आज भरायची आहे ना? मग अजून कोरी आहे की.

डॉयल : माझी कोरी आहे. दुसऱ्यांची नाही.

ओडेसा : म्हणजे?

डॉयल : गेल्या आठवड्यात मोटेलवर नाश्त्याला आम्ही सहा-सात जण होतो. सगळे वेगवेगळ्या संघांचे. कुणीतरी डेमंडचं नाव काढलं. मी नुसतं म्हणालो, "चेंडू हलल्याचं कुणी कानात सांगितलं की मग निघतो तो." सगळे हसले. काल दुसऱ्या गावात एक नवा मुलगा भेटला, आमच्याच धंद्यातला. त्यानं डेमंडचा एकही सामना पाहिलेला नाही. मलाच सांगत होता, गिलरी मंद आहे म्हणून.

ओडेसा : अरे देवा.

डॉयल : सव्वीस वर्षांत माझी नजर चुकली नाही, अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे कुणी पुन्हा बघत नाही.

ओडेसा : ख्याती म्हणे. त्या पोराची आई कोळंबी सोलायच्या शेडमध्ये उभी असते दिवसभर. कुणी घेतलं नाही तर हा मे महिन्यात मामाच्या मागे समुद्रातल्या तेलविहिरीवर जाईल. ठरलंय त्यांचं. आणि तू तिकडे ऑम्लेट खाताना विनोद केलास.

डॉयल : माहीत आहे.

ओडेसा : तुला काही माहीत नाही. थांब, तोच येतोय. हेल्मेटचा पट्टा तुटलाय त्याचा. ये बाबा, आत ये.

डेमंड : नमस्कार, मिस ओडेसा. जेवलात का?

ओडेसा : जेवले. हे मिस्टर प्रुइट.

डेमंड : ओळखतो सर तुम्हाला. सरावाला पलीकडे उभे होतात.

डॉयल : डेमंड, सरळ विचारतो. तू उशिरा का निघतोस?

डेमंड : निघतो खरा, सर.

डॉयल : तुला ठाऊक आहे?

डेमंड : हो, सर.

डॉयल : कोच बोलत नाही?

डेमंड : बोलतात. माझीच चूक आहे. सुधारतो म्हणून सांगितलंय.

डॉयल : चेंडू फेकणारा तुमचा क्वार्टरबॅक मागून हाक देतो, ती नीट ऐकू येते तुला? कान ठीक आहेत?

डेमंड : माझे? हो, सर. माझे ठीक आहेत.

डॉयल : मग?

डेमंड : मग काही नाही, सर. अडवतो मी शेवटी. अजून कुणी गेला नाही मला ओलांडून.

डॉयल : याच्यावर तुझी नोकरी ठरणार आहे, पोरा. मी ही वही आज पाठवतो. काही सांगायचं असेल तर आत्ता सांग.

डेमंड : सांगायचं काही नाही, सर. पट्टा झाला का, मिस ओडेसा?

ओडेसा : झाला. घे. आणि आईला सांग, रविवारी मी चर्चला येतेय, जागा धरून ठेव म्हणावं.

डेमंड : सांगतो. येतो, सर.

डॉयल : ...गेला. असं कुणी करतं का? मी दार उघडून धरलं होतं त्याच्यासाठी.

ओडेसा : तो नाही बोलणार.

डॉयल : तुम्ही बोला मग.

ओडेसा : मीही नाही. मी शब्द दिलाय. ती तिसरी टोपली ओढ इकडे. वरची पँट काढ. पांढरी.

डॉयल : ही डेमंडची?

ओडेसा : नंबर वाच. सत्तावीस वर्षं वाचतोयस ना नंबर.

डॉयल : सव्वीस. ही नोलनची आहे. सेंटरची.

ओडेसा : मागून बघ. डावी मांडी.

डॉयल : चिखल आहे.

ओडेसा : चिखल सगळ्यांच्याच पँटला असतो. नीट बघ.

डॉयल : ...पंजा आहे. हातमोज्याचा पंजा. एकावर एक.

ओडेसा : दर शनिवारी तिथेच. सप्टेंबरपासून मी घासतेय.

डॉयल : नोलनच्या डाव्या बाजूला डेमंड उभा असतो. डावा हात जमिनीवर, उजवा मोकळा... तो हात मी पाहिलाय, मिस ओडेसा. चित्रणात दिसतो. मला वाटलं तोल सावरतोय. तेही लिहिलंय मी कच्च्या टिपणात. तोल कच्चा म्हणून.

ओडेसा : लिही अजून.

डॉयल : नोलनला हाक ऐकू येत नाही. डेमंड ऐकतो, त्याची मांडी दाबतो, मग नोलन चेंडू देतो. आणि तोवर याचा हात शेजाऱ्याच्या मांडीवरच. म्हणून मागे राहतो. प्रत्येक डावाला?

ओडेसा : मी सांगितलं नाही हं. तू पँट बघितलीस.

डॉयल : कोचला कसं कळत नाही?

ओडेसा : नोलन ओठ बघून समजतो सगळं. टक लावून बघतो ना, तर कोचला वाटतं किती लक्ष देऊन ऐकतं पोरगं. बाकीच्यांना दरडावतो, नोलनकडून शिका म्हणून.

डॉयल : झालं काय त्याला?

ओडेसा : जुलैत ताप आला, तो डोक्यात गेला. डावा कान पुरता गेला, उजव्यात निम्मं राहिलंय. माझ्या गाडीतून दोनदा नेलंय मी त्याला डॉक्टरकडे, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. खेळायला धोका नाही म्हणाला डॉक्टर. पण सेंटरला ऐकू येत नाही हे कळल्यावर कोच त्याला उभा करेल का? चार सामने राहिलेत. त्या पोराचं पुढे काही व्हायचं नाहीये, त्यालाही ठाऊक आहे. हा शेवटचा हंगाम त्याला पुरा खेळायचाय, एवढंच.

डॉयल : म्हणजे मी कारण लिहू शकत नाही.

ओडेसा : लिहिलंस तर संध्याकाळपर्यंत इथे कोचला फोन येईल.

डॉयल : येईल. आणि कारण नाही लिहिलं, तर मंद पोराला मी एवढे गुण का दिले, हे वरचे विचारणार. फेब्रुवारीत सगळे एका खोलीत बसतो आम्ही. एकेक नाव भिंतीवर लावतात आणि फाडून खातात.

ओडेसा : फेब्रुवारीत हंगाम संपलेला असेल.

डॉयल : तेव्हा सांगेन. माझ्या संघाचं मी बघतो. पण बाकीच्यांनी तोवर खोडलेलं असेल त्याला. एका संघावर कुणाचं भलं होत नाही. आमच्याकडे जागाच नसली म्हणजे?

ओडेसा : खोडायला लावलं कुणी?

डॉयल : मीच.

ओडेसा : मग?

डॉयल : उद्या सकाळी त्याच मोटेलवर आहेत सगळे.

ओडेसा : काय सांगशील?

डॉयल : सांगेन की गिलरी मंद नाही. मी चुकलो.

ओडेसा : असं म्हणतात तुमच्यात?

डॉयल : कधी ऐकलं नाही मी. कशावरून म्हणून विचारतील.

ओडेसा : विचारतीलच. तू कशावरून चुकलास, प्रुइट?

डॉयल : डोळे गेले म्हणेन. साठी जवळ आली, चित्रण धूसर दिसतं, पोराच्या पायांचा अंदाज चुकला. तुम्ही स्वतः बघा म्हणेन. पुन्हा बघितलं तर दिसेल त्यांना, तो कुणालाच जाऊ देत नाही ते.

ओडेसा : आणि तुझी ती ख्याती?

डॉयल : मे महिन्यात करार संपतोय माझा. डोळे गेलेल्या माणसाशी पुन्हा करतात का बघू.

ओडेसा : खरंच सांगशील?

डॉयल : त्या पोरानं आत्ता माझ्या तोंडावर सांगितलं ना, माझीच चूक म्हणून. पापणी हलली नाही त्याची. मी तेवढं ऑम्लेट खाता खाता म्हणू शकेन. पेन आहे का तुमच्याकडे? माझं गाडीत राहिलं.

ओडेसा : तिथे साबणाच्या डब्यामागे बघ. आणि ती पँट दे इकडे. शनिवारपासून न धुता ठेवली होती तुझ्यासाठी, आता भिजत घालते.