चौकाच्या कडेकडेनं

...आणि वर तुम्ही मलाच विचारताय, बोलोन्यात बघण्यासारखं काय आहे म्हणून. अहो, जन्म इथे गेला माझा, दोन गल्ल्या पलीकडे घर आहे, तेवीस वर्षं झाली आणि या गावाच्या मी फक्त कडा बघितल्यात. हसू नका. तुम्हाला सांगतो, सगळ्या जगात हे एकच गाव असेल जिथे माणसाला नाकासमोर चालायची सोय नाही.

हा चौक बघा. मधोमध वीतभर उंचीचा दगडी ओटा दिसतोय ना, आत्ता तुम्ही खुशाल तुडवत आलात तो? त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. पदवीच्या आधी ठेवला तर पदवी मिळत नाही. तो उंच मनोरा? चढायचा नाही. चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या, चढलात की शिक्षण संपलं. आता तर तो दुरुस्तीला बंद आहे, म्हणजे माझी बघायची वेळ आली तेव्हा मनोराच आजारी. आणि ते जुनं विद्यापीठ, साडेचारशे वर्षांपूर्वीचं, भिंतीपासून छतापर्यंत विद्यार्थ्यांची कुळचिन्हं रंगवलेली... तुमच्यासारखे लोक तिथे मान वर करून तासभर उभे राहतात. मी मान खाली घालून भिंतीला खेटून जातो, कारण अंगणाच्या मधून गेलं की संपलं.

बरं, हे सगळं विद्यार्थ्यांना. आमच्या आर्जा आजीनं मला सहाव्या वर्षी लावलं. का? तर "आज पहिलीत आहे, उद्या विद्यापीठात जाईल, पायांना आत्तापासून वळण हवं." स्वतः पाचवीत शाळा सोडलेली बाई. तिच्या गॅलरीत लॉरेलचं झुडूप आहे, आपण रश्श्यात ज्याची पानं घालतो तेच. पण आजी एक पान तोडू देत नाही. पदवीच्या दिवशी पोराच्या डोक्यावर त्याच पानांचा मुकुट चढवतात ना, म्हणून राखलंय. झुडूप माझ्याहून वयानं मोठं आहे. हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, पण आमच्या घरात लक्षात येण्याचा रिवाज नाही.

आणि आमचे बाबा. दोत्तोरे गुआल्तिएरो गांबेरिनी. आमच्याकडे पदवी झाली की माणूस दोत्तोरे, साधी जखम बांधता येत नसली तरी. दारावर पितळी पाटी, खाटीक म्हणतो दोत्तोरे, न्हावी म्हणतो दोत्तोरे, आणि बाबा मान अशी हलवतात की सगळा कायदा त्यांनीच लिहिलाय. जेवताना एकच भाषण. "गांबेरिनींच्या घरात अर्धवट काही राहत नाही, नेवियो." नेवियो म्हणजे मी. मनात म्हणायचो, समोरचं हे देऊळ, हे मोठं चर्च, बघा की. खाली संगमरवर, वर नुसत्या विटा, काम अर्ध्यावर सोडलं त्याला शेकडो वर्षं झाली. त्याचे फोटो काढायला तुम्ही विमानानं येता. देवळानं अर्धवट सोडलं तर वारसा, पोरानं सोडलं तर सुतक?

कारण मी सोडलं, तुम्हाला सांगतो. फेब्रुवारीत. दिवाणी कायदा चार वेळा राहिला. दर वेळी त्या नेपच्यूनला दोन उलट्या फेऱ्या घातल्या. तो काय कारंज्यावर, उघडाबंब, त्रिशूळ घेऊन. उलट्या दोन फेऱ्या मारल्या की पास होतो म्हणे. त्याला घेरी आली असेल, मी पास झालो नाही. शेवटी नाव काढण्याच्या अर्जावर सही केली आणि घरी सांगितलं नाही. घरी सांगायचं म्हणजे आजीला सांगायचं, आणि आजीला सांगायचं म्हणजे त्या झुडपाला सांगायचं.

मग आला गेल्या आठवड्यातला गुरुवार. घरी थाप मारली होती, परीक्षा आहे. आजीनं निरोप दिला, "जा लांडग्याच्या तोंडात." म्हणजे यशस्वी हो. मी म्हटलं, "मरो तो लांडगा." असं म्हणायचंच असतं. चौकात आलो, वेळ काढायचा होता, आणि डोक्यात आलं... अरे, मला आता कसली भीती? पदवी जाणार? ती गेलीच. चढलो ओट्यावर. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरळ, नाकासमोर. आयुष्यात पहिल्यांदा. काय झालं? काही नाही. एक कबुतर बाजूला झालं.

पण कमानींखाली योले आत्या कॉफी पीत होती. तिचं नाक कपात असतं आणि डोळे चौकात. मी पलीकडे पोचायच्या आत फोन. आजी.

"कुठे आहेस?"

"चौकात."

"कडेला की मधे?"

फोनच्या पलीकडे लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिथेच थांब. तुझ्या बापाला पाठवते."

बाबा दहा मिनिटांत ऑफिसातून आले, टाय वाऱ्यावर. कमानींच्या खालून, सगळा वळसा घालून, आणि ओट्यापाशी येऊन थांबले. बुटांची टोकं दगडाला टेकलेली, पण वर नाहीत.

"खाली उतर."

"तुम्ही वर या, मग बोलू."

"नेवियो, लोक बघताहेत. खाली उतर म्हणतो ना."

मी त्या बुटांकडे बघत राहिलो. चोपन्न वर्षांचा माणूस. लहानपणी माझा चेंडू या ओट्यावर गेला होता, तर बाबांनी एका जर्मन बाईला आणून द्यायला सांगितला होता. तेव्हा वाटलं, केवढे अदबीचे आहेत बाबा.

"बाबा," मी म्हटलं, "तुमची पदवी झालीय ना?"

बाबा देवळाकडे बघायला लागले. वरच्या विटांकडे.

"एक विषय राहिलाय."

"कुठला?"

"दिवाणी कायदा."

"किती वर्षं झाली?"

"ते प्राध्यापक फार खडूस होते. ते बदलले की बसणार होतो."

"मग, बदलले का?"

"वारले," बाबा म्हणाले. "तू खाली उतर."

उतरलो, आणि फेब्रुवारीतलं सांगून टाकलं. काय करणार? तिथेच, उभ्या उभ्या, ठरलं. त्यांचं मी बोलायचं नाही, माझं त्यांनी नाही. घरी जाऊन बाबांनी सांगितलं, कुणा म्हाताऱ्याची टोपी उडाली होती, ती आणायला पोरगा वर चढला, चालायचंच. आजीनं गरम रश्श्यातली तोर्तेलिनी वाढली, आमच्या त्या मांस भरलेल्या इवल्याशा करंज्या. मी चमचा घातला तर वर लॉरेलचं एक पान. ताजं. बाबांच्या ताटलीत बघितलं, तिथेही एक. बाबांनी ते चमच्यानं हळूच उचललं आणि कडेला ठेवलं. मीही ठेवलं. आजी म्हणाली, "खा, गार होईल."

तेव्हापासून पुन्हा सगळं पहिल्यासारखं. घरच्या हिशेबानं मी अजून विद्यार्थी आहे, बाबा अजून दोत्तोरे आहेत, आणि सकाळी आम्ही दोघं बरोबर निघतो, ते ऑफिसला, मी कुठेही. न बोलता, कमानीखालून. ती बघा, आत्ताही योले आत्या तिथे बसलीय.

तर तुम्हाला तो नेपच्यून बघायचाय ना? या ओट्यावरून सरळ नाकासमोर जा, दोन मिनिटांत पोचाल. तिथे थांबा जरा... मी आलोच वळसा घालून.