झबल्यातला नारळ

ऐका, भरती आहे, नारळ घेऊन निघायची घाई करू नका. गजा, तू आधी खाली बस! मेल्या, देवळाचा दिवा दिसला म्हणून पाय शिवशिवतायत काय? धाकूलाही तो इथूनच दिसला होता.

धाकू घाडी म्हणजे आमच्या खाडीपलीकडचा. त्याचं अंगावर पिणारं पोर तापानं फणफणलं. बायको म्हणाली, "कातळेश्वराला चालत जावा, नारळ ठेवा, पण माझं बाळ वाचवा." नवसाची रीत ठाऊक आहे ना तुम्हाला? नारळ पोराच्या झबल्यात बांधायचा, किनाऱ्या-किनाऱ्यानं अनवाणी चालायचं. देवापुढे पोचेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातातही द्यायचा नाही.

भरती होती, म्हणून सोबतचे इथंच थांबले. धाकू ऐकेना. "तिकडं पोर तळमळतंय, मी झोपू कसा?" गेला एकटाच. काळोखात. या पुळणीवरून!

थोडा पुढे गेला तर मागून हाक. "अहो, दमलात तुम्ही. द्या इकडं नारळ." वळून बघतो तर कुणी नाही! ओल्या वाळूत पावलं मात्र उमटतायत, याच्या बरोबरीनं. धाकू पळत सुटला.

आणि मग घंटा! समोरच देऊळ, पणत्या लागलेल्या, आरती चाललेली. पोचलो एकदाचा! रडू फुटलं हो बिचाऱ्याला. रीतीप्रमाणं पाय धुवायचे, म्हणून एकेक पायरी पुढं गेला. पाणी घोट्याला. मग गुडघ्याला. मग कमरेला. कळलं का काही? अरे, देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात. हा उतरत होता!

आतून आवाज आला, "बाबा, आलात?"

अंगावर पिणारं पोर बोलेल काय? धाकू मागं वळायला गेला. गिऱ्हा तो, बुडून मेलेल्याचं भूत! दिवे गेले, देऊळ गेलं. नुसतं काळं पाणी, आणि पायांना गार हातांचा विळखा. "नारळ दे, नाहीतर तू ये." पाणी गळ्याशी आलं, नाकातोंडात गेलं. काय करील हो? माणूसच तो. त्यानं नारळ सोडला, झबल्यासकट.

विळखा सुटला. लाटेनं त्याला काठावर फेकलं.

पहाटे खऱ्या देवळात पोचला, तो रिकाम्या हातांनी. घरी परतला तर अंगणात माणसं जमलेली. पोर त्याच रात्री गेलं होतं. बायकोनं एवढंच विचारलं, "नारळ देवाला दिलात ना?"

"दिला," म्हणाला.

ती माउली जन्मभर कातळेश्वराला शिव्या देत राहिली. हा शेजारी बसून ऐकायचा. मरताना माझ्या बापापाशी बोलला, तेव्हा कुठं आम्हाला कळलं. तोवर तीही गेली होती.

म्हणून सांगतो, रात्रीचं त्या पुळणीवर पाऊल घालायचं नाही. कुणी का हाक मारीना, ओ द्यायची नाही. नारळ पोटाशी घ्या नि पडा आता. पहाटे ओहोटी लागली की मी उठवतो, सगळे मिळून जाऊ.