नेलपेंटची रेघ

हॅलो?… हां, पंकजाताई, बोला… थांबा, थांबा, मनवाच्या तोंडात काहीतरी आहे… थुंक. आ कर. आ… चुरमुरा आहे. हं, बोला.

अण्णा पोहोचले तुमच्याकडे?… सुटले बाई! कोल्हारच्या स्टँडवर एसटीत बसताना दिसले, एवढंच शेजारच्या मच्छिंद्रभाऊंनी सांगितलं. चहासुद्धा तसाच टाकून गेले… नाही, भांडण कसलं? सासऱ्यांशी मी कशाला भांडेन?…

काय विचारलं?… डोक्याचा डॉक्टर?… श्रीरामपुरात डोक्याचा चांगला डॉक्टर कोण, असं विचारलं?… रामहरीकाकांचं नाव घेतलं? "माझंबी भावावानीच व्हाया लागलंय"… असं म्हणाले?

नाही… नाही हो ताई. अण्णांचं काकांसारखं काही झालेलं नाही. काकांना शेवटी स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. अण्णांना तर पाटपाण्याची पाळी कुणाची कधी आहे ते अख्ख्या शिवाराचं पाठ आहे… हो, पण ऐका ना… मला माहीत आहे म्हणून सांगते… कसं माहीत, तेच सांगायचंय.

ताई, मी नवी असताना पहिल्या खंडेनवमीला तुम्ही मला सांगितलं होतं बघा… कोयते घास, विळे घास, काय घासायचं ते घास, पण अण्णांच्या रिव्हॉल्वरवरच्या त्या लाल रेघांना बोट लावू नको… हो, मी हसले होते. फौजेतल्या सुभेदारांच्या रिव्हॉल्वरला नेलपेंट! मला वाटलं, तुमच्याच हातून कधीतरी सांडलं असेल… पहिलं तुमचंच होतं ना? कॉलेजातलं?… हो, आता स्वतःच आणतात स्टेशनरीच्या दुकानातून. दुकानदार विचारतो, सुभेदार, कुणासाठी?… हसू नका ना ताई, मला रडू येतंय.

यंदा मी पुसली ती रेघ.

हो… रिमूव्हर लावून. कापसानं…

अहो, फोटोसाठी… पूजेचा फोटो. पाटावर कोयता, पाना, ट्रॅक्टरची चावी, झेंडू, आणि मधोमध ती… लाकडी मुठीवर ते लाल ओघळ घाण दिसत होते. स्टेटसला टाकायचा होता, माहेरचे सगळे बघतात… हो. तेवढ्यासाठी… रिकामीच होती हो. गोळ्या अण्णांच्या कपाटात, कुलपात. तेवढं मी आधी बघितलं. परत बघितलं. घरात मनवा असताना मी न बघता हात लावेन का?… तेच तर. मोठं तेवढं बघितलं.

वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. चकाकावं म्हणून… स्क्रूंवरूनसुद्धा. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी, ताई. रिमूव्हर काय काय विरघळवतं, ते क्लासला पोरांना शिकवत होते मी.

नाही, माहीत नव्हतं असं कसं म्हणू? अण्णांनी एकदा माझ्यासमोर केलं होतं सगळं. स्क्रू आधी कोरडा पुसायचा, तेलाचा अंश नको. खाचेत नेमका बसेल तोच पेचकस घ्यायचा. जोर लावून पिळायचा नाही, बेतानं. मग डोक्यावर नेलपेंटचा थेंब, आणि तिथून मुठीपर्यंत एक रेघ… का म्हणजे, नुसता आवळलेला स्क्रू हादऱ्यानं सैल पडतो हो. गाडीवर पडतो, गोळी झाडली की पडतो. आणि रेघ मोडली की लगेच कळतं, हा फिरलाय. "डोळं मंद हुतील, पन रेघ दिसंल," म्हणाले होते. मी मनवाला भरवत होते. हं हं केलं.

मग काय… दसरा झाला, आणि निवडणुकीसाठी हत्यारं जमा करायची होती ना… कमरेला लावून मोटारसायकलवर गेले. रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे… पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवायला काढली, तर मुठीची एक फळी सुटून हातात आली. स्क्रूच नाही… तो हवालदार तसा चांगल्यानंच बोलला म्हणे. "सुभेदार, आता वय झालं, कशाला बाळगताय?" पण चारचौघांत बोलला ना…

घरी आले ते अंगणातच ओणवे झाले. मोबाईलची बॅटरी लावून, गुडघ्यांवर. मी दारात उभी. म्हणाले, "नेलपेंट लावायचंच इसरलो गं मी. श्रावनात साफ केली, आन् इसरलो. कसं इसरलो?"… मला विचारत होते ताई. मला.

नाही बोलले… ह्यांनाही नाही सांगितलं. हे कारखान्यावर, रात्रपाळी…

आणि अजून एक आहे… ठेवू नका हं फोन… तो स्क्रू माझ्याकडे आहे.

काल झाडताना सापडला. तुळशीपाशी, रांगोळीत. केवढासा, तुरीच्या डाळीएवढा… अहो, दिला असता तर त्यांनी उजेडात धरून बघितला असता. आट्यांना तेल लागलेलं, खोबरेलाचा वास… क्षणात कळलं असतं. म्हणून टिकल्यांच्या डबीत टाकला. वरच्या फळीवर. मनवाचा हात पोहोचणार नाही, तेवढं मात्र बघितलं. तेवढी मी हुशार.

बोला ना काहीतरी… शिव्या द्या…

काय?… आत्ता?… नको, नको… तुम्हीच सांगा ना. तुम्ही लेक आहात, तुमचं लागणार नाही त्यांना… मी संध्याकाळी येते, पाया पडते… हो… हो, तोवर ते मनात तेच धरून बसणार… बरोबर आहे. तुमचं बरोबर आहे… द्या. द्या त्यांना फोन.

अण्णा?… मी, ज्ञानेश्वरी… जेवलात का?… नाही, जेवणाचं नाही, दुसरंच बोलायचं होतं… अण्णा, तुम्ही विसरला नाहीत. नेलपेंट तुम्ही लावलं होतं. श्रावणातच लावलं होतं. मी पुसलं… पूजेच्या वेळी… फोटोसाठी… रिमूव्हरनं… हो. वर तेल… हो… स्क्रू सापडलाय, अण्णा. काल… कालच सापडला… तुम्ही गुडघ्यांवर शोधत होतात तेव्हा मी दारात… तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही हो, माझंच…

अण्णा?

…नाही. नाही, मनवाच्या हाती लागला नाही. तोंडात नाही गेला… बघितलं मी. ती बरी आहे, इथंच खेळतीये… अण्णा, एवढंच विचारायचं होतं तुम्हाला? मला काही बोला ना… अण्णा?

हॅलो?… ताई? काय करतायत ते?… तुमच्या हातात फोन दिला, आणि?… चप्पल घालून? कुठं जातो म्हणाले?… काहीच नाही?… रागावलेत का? तोंड दिसलं का तुम्हाला?… पाठमोरेच…

ताई, मग तुम्ही माझ्याशी काय बोलत बसलात? जा ना… आधी जिन्यात बघा, मग रस्त्याला… उन्हात टोपी न घालता… टोपी तिथंच आहे? मग ती घेऊनच जा. माझं नाव काढू नका, काही विचारूही नका. नुसतं बघून या, कुठं बसलेत ते… हो, जा तुम्ही. मी फोन धरून आहे.